चौकटीबाहेरचा हात

माझं काम लोकांची तोंडं झाकण्याचं आहे. कुणी विचारलं की मी असंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघत बसते. मग सांगते की रस्त्याकडेच्या खांबांवर वेगात जाणाऱ्या गाड्या टिपणारे कॅमेरे आहेत ना, त्यांचे फोटो आमच्या खोलीत येतात. नंबर बरोबर वाचलाय का, चालवणारा दिसतोय का, पट्टा लावलाय का, हे आम्ही बघतो. आणि शेजारच्या सीटवर कुणी असेल तर त्याच्या चेहऱ्यावर करडी चौकट ओढतो. गुन्हा चालवणाऱ्याचा, शेजारच्यानं काय घोडं मारलंय? शिवाय नोटीस घरी जाते, पाकीट घरातलं कुणीही फोडतं, आणि 'ही कोण?' यावरून जी रणं माजतात त्यांचे फोन आम्हाला येतात. म्हणून चौकट.

ती हातानं, माउसनं ओढावी लागते. मध्यंतरी यंत्राकडून करून पाहिलं, तर त्यानं मांडीवरचं कलिंगड झाकलं आणि आजोबा तसेच सोडले. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई सरळ अर्धी काच झाकून टाकते. एक फटकारा मारला की पुढची गाडी. तिचं काम माझ्या दुप्पट होतं आणि साहेब तिच्यावर खूश असतात. मला तसं करवत नाही. माझी चौकट कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत, बस्स. बाकीचा माणूस जिथल्या तिथे राहतो. शर्टाची बटणं, मांडीवरची पिशवी, हातातलं अर्धं खाल्लेलं सफरचंद, सगळं. नवरा म्हणतो, तू शिवणकामात जायला हवं होतंस. मी ते कौतुक म्हणून घेत आले. सगळा घोळ त्या नीटनेटक्या चौकटीनंच झाला.

आठवड्यातून एकदा मला खालच्या मजल्यावर तक्रारींच्या खिडकीत बसवतात. तिथे येणारा प्रत्येक जण निर्दोष असतो. गाडी मेहुण्यानं नेली होती, हे तर ठरलेलं. जगातल्या सगळ्या भरधाव गाड्या मेहुणेच चालवतात असं त्या खिडकीत बसलं की वाटायला लागतं. मी ऐकून घेते, फोटो समोर धरते, मग आवाज चढतात, मग माझाही चढतो.

त्या दिवशीचा म्हातारा मात्र गप्प उभा होता. जमिनीवर जी पिवळी रेघ आखलीये, जिच्यामागे थांबायचं असतं आणि जिच्यामागे कुणीच थांबत नाही, तिच्यामागे. इस्त्रीचा शर्ट, पण एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. हाक मारल्यावर तो पुढे आला आणि नोटीस खिडकीत ठेवून तिच्या घड्या तळहातानं सपाट करू लागला.

"दंड भरलाय," तो म्हणाला. "चूक माझीच आहे. त्याबद्दल काही म्हणणं नाही."

"मग काय हवंय?"

"हा हात." त्यानं फोटोवर बोट ठेवलं. "हा हात कुठे चाललाय, तेवढं मला सांगा."

फोटोत तोच होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पुस्तकात दाखवतात तसे. नजर सरळ समोर. शेजारी करडी चौकट, आणि चौकटीच्या बाहेर, हवेत उचललेला एक बाईचा हात. मनगटावर घड्याळ, बोटं अर्धवट उघडी. चौकट मी तत्काळ ओळखली. एवढी चापूनचोपून बसवलेली दुसऱ्या कुणाची असणार? शेजारणीकडे हे चित्र गेलं असतं तर हात काचेसकट झाकला गेला असता आणि हा माणूस घरी स्वस्थ बसला असता.

"प्रवाशाबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही," मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"माझी बायको आहे ती. होती."

मी नोटीस माझ्याकडे ओढून घेतली.

तो ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात, आणि आमचं अर्धं गाव त्याच्याच हाताखाली क्लच सोडायला शिकलंय. आमचे साहेबही त्यातलेच असावेत, कारण मागच्या दारातून त्यांनी एकदा डोकावलं आणि बिळात शिरावं तसे परत आत गेले. मास्तरांनी जन्मात कधी वेगाची मर्यादा मोडली नव्हती. हे सांगताना त्यांच्या आवाजात फुशारकी नव्हती, लाज होती.

"त्या दिवशी आम्ही हॉस्पिटलमधून परत येत होतो. रिपोर्ट मिळाला होता. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलं, उठलो, गाडीत बसलो. मी किती वेगात होतो ते मला ही नोटीस आल्यावर कळलं. तोवर ती गेली होती."

"नंतर कधी त्याबद्दल बोलणं नाही झालं?"

"कशाबद्दल? रस्त्याबद्दल? मग औषधं होती, सलाईन होतं, कोण सोबत झोपणार ते होतं. त्या प्रवासाबद्दल कोण बोलतं?" त्यांनी नोटिशीवरून पुन्हा तळहात फिरवला. "आख्ख्या रस्त्यात मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, ताई. आयुष्यभर पोरांना एकच ओरडत आलो, नजर रस्त्यावरून हलवायची नाही, शेजारी आकाश कोसळलं तरी. तेच केलं."

मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. मास्तर खिडकीच्या आणखी जवळ आले.

"गाडी शाळेची होती. शेजारच्या सीटपाशीही ब्रेक असतो तिला. एरवी मी चालवायला बसलो की ही मुद्दाम माझ्या शिकवायच्या जागेवर बसायची. काटा जरा वर गेला की ब्रेक दाबायची आणि म्हणायची, 'मास्तर, नापास!' त्या दिवशी एवढा वेग होता आणि तिनं ब्रेक दाबला नाही."

"लक्षात आलं नसेल त्यांच्या."

"तिच्या?" ते हसल्यासारखं करून थांबले. मग इतक्या हळू बोलले की मला कान खिडकीला लावावा लागला. "डॉक्टरांच्या खोलीतून निघताना ती एकच वाक्य बोलली होती. 'तुम्हाला एकट्याला ठेवून मी कशी जाऊ?' आता हा हात बघतो तेव्हा... स्टिअरिंगकडे तर चालला नव्हता ना हा?"

मी फोटोकडे परत पाहिलं. हात जिथे होता तिथून कुठेही जाऊ शकला असता. डोळे पुसायला, केस मागे सारायला, त्यांच्या खांद्यावर. किंवा तिथे.

"या एका फोटोवरून नाही सांगता येणार," मी म्हटलं. "दुसऱ्यात दिसलं असतं."

म्हटलं आणि जीभ चावली.

कॅमेरा दर वेळी दोन फोटो काढतो, पापणी लवायच्या अंतरानं. तेवढ्या वेळात गाडी रस्त्यावरच्या खुणांपुढे किती सरकली त्यावरून यंत्रानं मोजलेला वेग पडताळता येतो. नोटिशीवर पहिलाच छापतात. दुसरा आमच्याकडे राहतो आणि त्याचा उल्लेख खिडकीत करायचा नाही असा दंडक आहे, कारण मग जो तो दुसरा दाखवा म्हणेल.

"दुसरा आहे?" मास्तर म्हणाले.

आता साहेबांना बाहेर यावंच लागलं. त्यांनी मास्तरांना नमस्कार केला, मास्तरांनी त्यांना ओळखलं नाही, आणि त्यामुळे साहेबांना जरा धीर आला. नियम त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितला. प्रवाशाचा फोटो हवा असल्यास अर्ज प्रवाशानं स्वतः करायचा.

"ती वारली."

"मग अर्ज येऊ शकत नाही," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून चष्मा पुसू लागले. "आणि तुम्ही दंड भरलाय. म्हणजे प्रकरण बंद. बंद प्रकरणांचे फोटो आठवड्याच्या शेवटी आपोआप पुसले जातात. लोकांच्या खाजगीपणासाठीच आहे हो ते सगळं."

जे भांडत बसतात, तारखा घेतात, त्यांचे फोटो आम्ही वर्षानुवर्षं जपतो. ज्यानं निमूट दंड भरला त्याचा पहिला पुसला जाणार. मास्तरांनी नोटिशीची पुन्हा घडी घातली, पिवळ्या रेघेपर्यंत उलट्या पावलांनी गेले आणि मग वळले. मला इतका राग आला होता की पुढच्या माणसाच्या मेहुण्यावर तो सगळा निघाला.

घरी आल्यावर मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. नवरा दारात उभा राहून बघत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीनं व्हॅन दिलीये आणि व्हॅनमध्ये एक काळी डबी बसवलीये, जी तो कुठे आहे, किती वेगात आहे, किती वेळ थांबलाय, सगळं ऑफिसला कळवते. जरा जोरात गेलं की ती टूं टूं करते. तो तिला 'सासूबाई' म्हणतो. माझ्या आईसमोरसुद्धा.

"आज सासूबाईंनी विचारलं, गोदामामागच्या गल्लीत गाडी का थांबली होती," तो म्हणाला. "म्हटलं, पोट बिघडलं होतं. ऑफिसातल्या पोरीनं तेही टाईप केलं. आता माझं पोट कंपनीच्या दप्तरी जमा."

मी हसले नाही तेव्हा त्यानं टॉवेल घेतला आणि भांडी पुसायला लागला. मग मी सगळं सांगितलं. तो बघून टाक म्हणेल अशी माझी खात्री होती. नियम म्हटला की तो हमखास पलीकडच्या बाजूला असतो.

"नको बघूस," तो म्हणाला.

"काय?"

"त्या बाईनं तुला सांगितलंय का, माझं तोंड बघ म्हणून? नवरा समोर बघतोय, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, म्हणून ती घटकाभर मोकळी बसली असेल. रडली असेल, शिव्या दिल्या असतील, काय वाटेल ते. ते तिचं. आमच्याकडेही सगळे 'फक्त बघतो' असंच म्हणतात."

"त्याला झोप येत नाहीये रे. त्याला वाटतंय, ती दोघांनाही संपवायला निघाली होती."

"आणि तसंच असलं तर? मग काय सांगणार त्याला?"

मी चिडून म्हटलं की तुला दुसऱ्याची दया म्हणून नाही. तो म्हणाला, आहे, पण ती मेलेल्या बाईचीही आहे. आम्ही एकमेकांशी न बोलता झोपायला गेलो. मला त्याचं म्हणणं पटलं होतं, आणि माझा बेतही बदलला नव्हता. या दोन गोष्टी एकाच डोक्यात घेऊन पडून राहणं फार त्रासाचं असतं.

आमच्या खोलीत आमच्यावरही नजर असते. कोणता फोटो कुणी उघडला, किती वेळ उघडा ठेवला, कशासाठी, सगळं नोंदलं जातं. कारण दिल्याशिवाय फोटो उघडतच नाही. गेल्या वर्षी एकानं आपल्या आधीच्या बायकोची गाडी कुठे कुठे जाते ते बघितलं होतं. त्याचं टेबल अजून रिकामं आहे आणि त्यावर आम्ही डबे ठेवतो. सकाळी मी मास्तरांच्या गाडीचा नंबर घातला आणि डब्यांकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

कारण मला रात्रीच सुचलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पहिल्या फोटोत मास्तरांच्या बायकोचा उचललेला हात तिच्या छातीसमोर येत होता, त्यामुळे तिनं पट्टा लावलाय की नाही ते दिसत नव्हतं. अशा वेळी दुसरा फोटो बघायचाच असतो. कामाच्या घाईत मी तो तेव्हा बघितला नव्हता, कुणीच बघत नाही. मी यादीतून 'शेजारील प्रवाशाचा पट्टा' निवडलं.

फोटो उघडला.

सूर्य कॅमेऱ्याच्या मागे होता, मावळतीला आलेला, म्हणजे गाडीच्या बरोबर समोर. त्यामुळे आतलं सगळं लख्ख दिसत होतं. मास्तर तसेच, समोर बघणारे, पण पहिल्या फोटोत त्यांचे डोळे उन्हानं बारीक झाले होते आणि इथे त्यांच्या डोळ्यांवर सावलीची एक पट्टी होती. मी ती सावली कसली ते शोधत वर गेले. काचेच्या वरच्या कडेला ऊन अडवायची जी झडप असते, ती मास्तरांच्या बाजूची झडप अर्धी खाली आलेली होती. आणि तिच्या काठावर चार बोटं होती. मनगटावर घड्याळ.

ती त्यांच्या डोळ्यांवरचं ऊन अडवत होती.

मी खुर्चीत मागे टेकले. शेजारणीनं विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलं. गेलं होतंच.

चेहराही होता फोटोत, उघडा. तो मी पाहिला. न बघता तपासायचं कसं? तो कसा होता ते मी इथेही सांगणार नाही, आणि हे खात्याच्या नियमासाठी नाही.

मग माझी नजर पट्ट्याकडे गेली. पट्टा नव्हता. दाराशी गुंडाळलेला लोंबत होता, बक्कल चमकत होतं. बाई ठेंगणी होती, सीटवरून अर्धी उठून, पलीकडे वाकून तिनं हात लांबवला होता. पट्टा सोडल्याशिवाय तिला तिथे पोचताच आलं नसतं.

पडद्यावर प्रश्न आला. पट्टा आहे, की नाही? दोनच बटणं. याचं उत्तर दिल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही.

'नाही' दाबलं की वेगळा गुन्हा. शेजारच्यानं पट्टा लावलाय का हे बघणं चालकाचं काम, म्हणून नोटीस मास्तरांना, आणि सोबत पुरावा म्हणून हा दुसरा फोटो. चेहरा झाकलेला, बाकी सगळं उघडं. हे लक्षात आल्यावर मी टेबलावर जोरात हात मारला असावा, कारण दोघं-तिघं वळून बघायला लागले. अर्ज नको, परवानगी नको, खातंच पोस्टानं तो फोटो मास्तरांच्या घरी पोचवणार होतं.

पण गुन्हा म्हणजे लायसन्सवर ठपका. वेगाचा एक पडलेलाच होता. वर्षात दोन पडले की शिकवण्याचा परवाना रद्द, मास्तर असो की कुणी. 'आहे' दाबलं तर शाळा वाचत होती, आणि फोटो आठवड्याच्या शेवटी बाकीच्यांबरोबर पुसला जाणार होता. आजवर मी पट्ट्याचा एकही गुन्हा सोडलेला नाही. स्वतःच्या सख्ख्या काकांचाही नाही, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. आणि इथे ते एवढंसं बटण मला दाबवेना.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे अजून उघडंच का?"

"पट्टा तपासतेय."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पाहिलं ते बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला.

"संध्याकाळपर्यंत निकाली काढा," ते म्हणाले आणि जाता जाता, माझ्याकडे पाठ करून पुढे म्हणाले, "मला तिसऱ्या प्रयत्नात पास केलं होतं त्यांनी."

जेवणाच्या सुट्टीत मी फाटकाबाहेर जाऊन मास्तरांना फोन केला. नंबर नोटिशीवर होता, तो तिथून घेणं हाही गुन्हाच, पण आता मोजत कोण बसणार? ते शाळेची गाडी घेऊन आले. आमच्याच इमारतीच्या सावलीत, रेघेच्या आत नेमकी लावली. उतरले, आणि मला चालकाच्या सीटचं दार उघडून दिलं. स्वतः शेजारी जाऊन बसले. सवयच ती. बसल्या बसल्या त्यांनी पट्टा ओढून लावला, उभ्या गाडीत.

स्टिअरिंगच्या मागे बसून असं काही सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, घट्ट दाबलेला.

"स्टिअरिंगकडे नव्हता," मी आधी तेवढंच म्हटलं.

त्यांचा पाय ब्रेकवरून निघाला. मला वाटलं ते आता रडतील, पण ते तसेच बसून राहिले, समोर बघत.

"मग?"

"वर चालला होता. तुमच्या डोक्याकडे. ही." मी माझ्या डोक्यावरच्या झडपेला बोट लावलं. "ही खाली ओढत होत्या त्या. तुमच्या डोळ्यांवर ऊन होतं."

मास्तरांनी झडपेकडे पाहिलं. मग शेजारून हात लांब केला, माझ्या समोरून, तिच्यापर्यंत पोचायला. पट्ट्यानं त्यांना खटकन मागे खेचलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा पट्टा अडला. मग ते थांबले. खाली बघून त्यांनी बक्कल दाबलं, पट्टा सुटून दाराशी गेला, आणि त्यांची बोटं झडपेपर्यंत पोचली. उंच असूनही त्यांना पट्टा सोडावा लागला होता.

"तिनं पट्टा सोडला होता," ते म्हणाले.

"हो."

"माझ्या गाडीत." आता त्यांना खरंच हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. "एवढ्या वेगात. नापास आहेस बाई तू, साफ नापास."

झडप त्यांनी सोडली नाही. जरा खाली ओढली, वर केली, पुन्हा खाली ओढली.

"कॅमेऱ्याच्या अलीकडे ऊन अगदी डोळ्यांत होतं, मला आठवतंय," ते म्हणाले. "मग गेलं. मला वाटलं ढग आला."

मी त्यांना बटणांचं सांगितलं. दोन बटणं, एक फोटो, एक ठपका. शाळेचं काय होईल तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता. माझं बोलणं त्यांनी विद्यार्थ्याचं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तसं कसं? पट्टा नव्हता ना? मग नव्हता."

"शाळा जाईल मास्तर."

"नोटीस पोचायला किती दिवस लागतात?"

"महिना-दीड महिना."

"मग हातातली पोरं पास होतील तोवर." ते झडपेच्या काठावरून अंगठा फिरवत होते. "नंतरचं नंतर बघू. पाठवा."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण तो झडपेवर होता. मी म्हटलं, "चेहरा कसा होता ते..."

"नको." त्यांनी एकदम मान हलवली. "ते नका सांगू. तिला दाखवायचा असता तर तिनं मला हाक मारली असती. मी पाहिलं असतं."

मी दार उघडून उतरले. ते आतून वाकून, काच खाली करून म्हणाले, "ताई, एक विनंती आहे. ती चौकट."

"चेहऱ्यावरची? ती ओढावीच लागेल मास्तर."

"ओढा ना. पण तुम्हीच ओढा. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

वर गेले तर शेजारीण माझी राहिलेली प्रकरणं आपल्याकडे ओढून घेत होती, मदत म्हणून. मास्तरांचं तिच्या पडद्यावर उघडायच्या बेतात होतं. मी तिच्या हातातून माउस जवळजवळ हिसकावला. तिनं आ वासून पाहिलं आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. 'नाही' मी दाबलं. मग चेहऱ्यावर चौकट ओढली, पुसली, पुन्हा ओढली, चारही बोटं आणि झडपेचा काठ बाहेर राहीपर्यंत.